जुन्या वर्गातील जुने देणे



शाळा सोडून पंचवीस-तीस वर्षे लोटल्यावर जुन्या वर्गसोबत्यांनी एकमेकांस हुडकून काढावे आणि एखाद्या रविवारी शाळेच्या आवारात किंवा कोणाच्या तरी शेतावर जमावे, हा प्रघात अलीकडे आपल्या देशात फार वाढला आहे. पूर्वी अशा भेटी लग्नकार्यात, नाहीतर आगगाडीच्या फलाटावर योगायोगाने होत. आता तळहातावरच्या मोबाइलवर सबंध वर्ग पुन्हा भरतो. हजेरीपटातील नावे एकामागून एक सापडत जातात, पिवळी पडलेली छायाचित्रे फिरू लागतात, आणि सेवानिवृत्तीस टेकलेला मनुष्य घटकाभर अर्ध्या चड्डीतला होऊन बसतो. ह्यात निर्मळ आनंद आहे. ज्यांस तो लाभतो त्यांनी तो अवश्य घ्यावा.

परंतु अशा मेळाव्यांत एखाददुसरा सोबती असा असतो, की त्याचे नाव यादीत असते आणि तो मात्र काहीच बोलत नाही. छायाचित्रांस दाद देत नाही. भेटीचा दिवस ठरला की नेमके त्याच दिवशी त्याला परगावी काम निघते. घरची माणसे म्हणतात, 'ह्यांना माणसांची आवडच नाही.' खरा प्रकार बहुधा निराळा असतो. त्या यादीत एक नाव असते. ते वाचताच, पाचवीत असताना मधल्या सुट्टीची घंटा ऐकून पोटात येत असे तोच गोळा पन्नाशीच्या गृहस्थाच्या पोटात पुन्हा येतो. आणि एवढ्याशा गोष्टीने आपण अजून अस्वस्थ होतो, ह्याची लाज वाटून तो ती गोष्ट पत्नीलाही सांगत नाही.

अशाच एका गृहस्थांचे पत्र ह्या स्तंभाकडे आले आहे. त्यांच्या अनुमतीने, ओळखीच्या खुणा वगळून, त्यातील हकीकत येथे देतो. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीस होते. बदली झाल्यामुळे कुटुंब खानदेशातून मध्य प्रदेशातील एका जंक्शनच्या गावी गेले आणि दहा वर्षांच्या ह्या मुलाचे नाव तेथील हिंदी शाळेत घातले गेले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी बाकावर पडलेले एक पुस्तक उचलून ते कोणाचे म्हणून विचारले. मुलगा उभा राहून म्हणाला, 'मेरा पुस्तक.' मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी, हा भेद त्या वयात त्याला कोठून ठाऊक असणार? वर्ग हसला. गोष्ट एवढ्यावर संपती तर तक्रारीचे कारण नव्हते. बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी वाढलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी असले हसू ऐकले असेल, आणि पुढे एखाद्या नवख्या मुलाच्या वेळी त्यात स्वतःचा सूरही मिळविला असेल.

परंतु त्या वर्गात एक दांडगा मुलगा होता. त्याने 'मेरा पुस्तक' हे ह्या मुलाचे नावच करून टाकले. पुढची तीन वर्षे त्याला दुसरे नाव उरले नाही. डबा उघडला की भाकरीवर चिमूटभर धूळ पडे. नळाशी पाणी पिण्यास वाकला की मागून कोणीतरी मान दाबून धरी. घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, 'तूही दोन ठेवून दे.' समोरचा मुलगा वयाने दोन वर्षांनी आणि अंगाने दुप्पट मोठा होता, हे त्यांनी विचारले नाही. गुरुजींस सांगितले तेव्हा तेही ते नाव ऐकून हसले. त्यानंतर मुलाने कोणास काही सांगितले नाही.

ते गृहस्थ आज ४८ वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत त्या दांडग्या सोबत्याचा निरोप त्यांना आला: 'अरे यार, कहाँ था इतने साल? तेरी बहुत याद आती है.' निरोपात खोटेपणा मुळीच दिसत नाही, आणि म्हणूनच तो अधिक झोंबला, असे ते लिहितात. पत्नीचे म्हणणे पडले, 'तेव्हा मुलेच होता तुम्ही सगळे. आता सोडून द्या.' सासूबाईंनी क्षमेचे माहात्म्य सांगितले. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, 'क्षमा न करणे हा माझा कोतेपणा आहे काय?'

ह्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. परंतु एवढ्याने काम भागत नाही; कारण पत्र पुन्हा वाचले असता माझ्या ध्यानात आले की त्या गृहस्थांस क्षमा करावयाची आहे की नाही, हे त्यांना अद्याप कोणी विचारलेलेच नाही. त्यांना फक्त 'सोडून द्या' असे सांगण्यात आले आहे. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

'पोरवयातली गोष्ट' म्हणून आपण जी हातावेगळी करतो, तिचे आयुष्य किती असते ह्याविषयी आता बरेच ठाऊक झाले आहे. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची पाहणी दीर्घकाळ चालू राहिली. ती मुले ७ आणि ११ वर्षांची असताना, त्यांना इतर मुले सतावतात काय, हे त्यांच्या पालकांस विचारून नोंदविले होते. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी अशा ७,७७१ मुलांच्या नोंदी त्यांच्या वयाच्या ५० व्या वर्षापर्यंतच्या माहितीशी जोडून पाहिल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी शेकडा २८ मुलांना अधूनमधून आणि शेकडा १५ मुलांना वारंवार छळ सोसावा लागला होता. वारंवार छळ झालेल्यांमध्ये पन्नाशीतही खिन्नता आणि चिंतेचे विकार इतरांपेक्षा अधिक आढळले. घरची सांपत्तिक स्थिती, मुलाची बुद्धी, त्याचा मूळचा स्वभाव ह्या गोष्टी हिशेबात घेऊनही हा फरक उरला. तेव्हा चाळीस वर्षांनी ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला हळव्या मनाचा म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही.

ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम उभा करणाऱ्यांत नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डान ओल्व्हेयस ह्यांचे नाव घेतात. थट्टा आणि छळ ह्यांतील भेद त्यांनी साध्या कसोट्यांवर ठरविला: दुखविण्याचा हेतू, पुनःपुन्हा होणे, आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. एकदा वर्ग हसला ती थट्टा. तीन वर्षे नळाशी मान दाबली गेली तो छळ. १९८२ च्या अखेरीस त्या देशात तीन मुलांनी सोबत्यांच्या जाचाला कंटाळून जीव दिल्याचे समजले, तेव्हा सरकारने दुसऱ्याच वर्षी साऱ्या देशभर शाळांतून मोहीम हाती घेतली. ओल्व्हेयस ह्यांचा भर गुन्हेगार मुलगा शोधण्यावर नव्हता. सुट्टीत आवारात शिक्षक असावेत, वर्गात ह्याविषयी उघड बोलणे व्हावे, पालकांस बोलवावे, आणि बघत उभ्या राहणाऱ्या मुलांस आपण काय करावयाचे हे समजावे, अशी त्यांची योजना होती. बघत उभ्या राहणाऱ्यांचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

दूरच्या नॉर्वेचे राहो. आपल्या घरोघरी ज्याची कथा सांगितली जाते त्या महाभारताचे आदिपर्व ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. कौरव-पांडवांच्या वैराचे मूळ आपण राज्यलोभात शोधतो, आणि ते बरोबरच आहे. पण राज्याचा प्रश्न उभा राहण्यापूर्वी हस्तिनापुरात खेळणारी मुले आहेत, आणि त्या मुलांतला दांडगा मुलगा आहे भीम. तो धृतराष्ट्राच्या मुलांचे केस धरून त्यांना फरफटत नेतो. पाण्यात खेळताना दहा-दहा जणांना कवेत घेऊन बुडी मारतो आणि ते अर्धमेले झाले म्हणजे सोडतो. फळे काढण्यासाठी ती मुले झाडावर चढली की लाथ मारून झाड हलवितो, आणि फळांबरोबर मुलेही खाली पडतात. व्यासांनी येथे एक खुलासा जोडला आहे: भीम हे पोरकटपणाने करीत असे, त्याच्या मनात द्वेष नव्हता. भीमावर आपले प्रेम असल्यामुळे हा खुलासा आपण सहज मान्य करतो. किंबहुना लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण हसलेलोही असतो.

झाडावरून पडणाऱ्या मुलाला मात्र ह्या खुलाशाचा उपयोग काय? द्वेष नव्हता म्हणून कोपर कमी खरचटते असे नाही. दुर्योधनाने तो खुलासा स्वीकारला नाही. गंगेच्या काठी प्रमाणकोटी येथे जलक्रीडेचा बेत करून त्याने भीमाला अन्नातून विष घातले, वेलींनी बांधले आणि नदीत लोटून दिले. प्रचलित पाठाप्रमाणे भीम नागलोकी पोहोचला, वाचला आणि अधिकच बलवान होऊन परतला. घरी येऊन त्याने सगळी हकीकत सांगितली. तेव्हा युधिष्ठिराने त्याला काय सांगितले? गप्प राहा, ह्याची वाच्यता कोठेही करू नको. त्या वेळच्या परिस्थितीत तो शहाणपणाचा सल्ला असेलही. पण परिणाम असा झाला की झाडावरून पाडलेल्या मुलांची तक्रार राजसभेपुढे आली नाही, आणि विष घातलेल्या मुलाचीही आली नाही. त्या वाड्यात भीष्म होते, विदुर होता, कृपाचार्य होते. इतके जाणते लोक असलेल्या घरात दोन्ही बाजूंची मुले आपापले दुखणे आपापल्या मनात घेऊन वाढली. दुर्योधनाचे मी मुळीच समर्थन करीत नाही. खोडीच्या बदल्यात विष हा हिशेब कोणत्याही धर्माने मान्य होणारा नाही. परंतु मनात धरलेल्या गोष्टीची वाढ कशी होते हे समजण्यासाठी ह्याहून चांगली कथा मला माहीत नाही.

आणि त्याच पर्वात, क्षमेच्या नावाखाली काय काय चालते तेही दिसते. द्रोण आणि द्रुपद हे बालमित्र. राजा झाल्यावर द्रुपदाने दरिद्री द्रोणाची मैत्री उडवून लावली. द्रोणाने ते विसरले नाही. शिष्यांकरवी गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदालाच बांधून आणविले. मग त्याला सांगितले की आम्ही ब्राह्मण क्षमाशील असतो, भिऊ नकोस. आणि असे म्हणून त्याचे अर्धे राज्य स्वतःकडे ठेवून घेतले! द्रुपदाने ही क्षमा कशी घेतली हे आपण जाणतोच. त्याने द्रोणाचा वध करील असा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ मांडला, आणि त्यातून निघालेल्या धृष्टद्युम्नाने अखेर रणांगणावर द्रोणाचे मस्तक तोडले. वरचढ झालेल्याने वरून टाकलेली क्षमा घेणाऱ्याला दुसरा अपमानच वाटते. मेळाव्यात सगळ्यांदेखत 'जा, तुला माफ केले' असे म्हणण्याचा मोह ज्यांस होत असेल त्यांनी द्रोणाचे स्मरण ठेवावे.

आपल्या भाषेने ह्या मनःस्थितींना निरनिराळी नावे दिली आहेत, ती उगीच नव्हेत. डूख धरणारा मनुष्य संधी पाहत असतो. त्याला उलट दंश करावयाचा असतो. सल मात्र काट्यासारखा असतो. तो दुसऱ्या कोणास टोचत नाही, ज्याच्या अंगात आहे त्यालाच दुखवितो. आणि अढी? आंबे गवतात दडपून ठेवतात तिलाही आपण अढीच म्हणतो. झाकून ठेवले की आतल्या आत ऊब वाढते. आमच्या पत्रलेखकांच्या मनात मला डूख दिसत नाही. त्यांना त्या सोबत्याचे वाईट व्हावे असे वाटत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचे छायाचित्र पाहून बरे वाटले, असेही त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या मनात सल आहे. डूख धरणाऱ्याला जो उपदेश करावयाचा तोच सल असलेल्याला केला, म्हणजे त्याला आपलीच चूक असल्यासारखे वाटू लागते. सासूबाईंच्या उपदेशाने नेमके तेच झाले.

आता सल सांभाळून ठेवण्याची किंमत काही नसते असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील होप कॉलेजात ७१ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला; तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपणांस दुखविलेल्या एका खऱ्या व्यक्तीची त्यांना आठवण करावयास सांगितले. कधी तो प्रसंग पुन्हा मनात घोळवावयाचा, राग धरून ठेवावयाचा. कधी त्या व्यक्तीकडे माणूस म्हणून पाहावयाचे, क्षमेचा विचार करावयाचा. राग घोळविताना नाडी जलद झाली, रक्तदाब चढला, तळहाताला घाम आला, भुवयांचे स्नायू ताणले गेले. प्रयोग लहान होता आणि काही मिनिटांपुरता होता. त्यावरून रागाने आयुष्य कमी होते असा निष्कर्ष काढू नये. एवढेच की ज्याच्यावर राग आहे तो दूर कोठेतरी स्वस्थ झोपलेला असताना नाडी आपली चालते.

मग क्षमा म्हणजे काय? विस्कॉन्सिन विद्यापीठातील रॉबर्ट एनराइट ह्यांनी ह्या एकाच प्रश्नावर अनेक वर्षे खर्ची घातली आहेत. त्यांच्या विवेचनाचा जो भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो तो असा, की क्षमा करणे म्हणजे विसरणे नव्हे, झाले ते योग्य होते असे म्हणणे नव्हे, आणि पुन्हा मैत्री जोडणे हेही नव्हे. समेटाला दोन माणसे लागतात. क्षमा एकटा मनुष्य करू शकतो, आणि समोरच्याला कळविल्यावाचूनही करू शकतो. उलट, मैत्री नको असे ठरविणारा मनुष्य क्षमाशील नाही असेही होत नाही. आपल्या घरांतून ह्या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. 'माफ कर' ह्याचा अर्थ 'त्याच्या घरी जेवायला चल' असा होतो, आणि न जाणारा आडमुठा ठरतो.

मला स्वतःला क्षमेची व्याख्या आपल्या वाण्याच्या वहीवरून करावीशी वाटते. काही येणे असे असते, की ऋणकोला ते घेतल्याचेच स्मरण नसते. तो ते कधीच फेडणार नाही. वहीत ते पान उघडे ठेवून रोज व्याज मांडीत बसावयाचे, की 'वसूल होणार नाही' असा शेरा मारून पान बंद करावयाचे, हे वही ज्याची त्याने ठरवावे. पान फाडावयाचे मात्र कारण नाही. घेतले होते हे खरेच आहे. आणि शेरा केव्हा मारावयाचा हे शेजाऱ्याने सांगावयाचे नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळेच जुने देणे एका सोबत्याच्या नावावर मांडता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते रोज परत आणावे लागे. तहान लागली तर शिपाई पाणी ओतील तेव्हाच प्यावयाचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हा कोणा दांडग्या मुलाचा खोडसाळपणा नव्हता. सबंध समाजाची ती रीत होती, आणि तिच्यापुढे 'क्षमा करून टाका' असे म्हणणे हा उद्दामपणा झाला असता. त्या मुलाने मोठेपणी ज्या समितीचे अध्यक्षपद भूषविले तिने तयार केलेल्या संविधानातील १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. वैयक्तिक क्षमेचा उपदेश करताना आपण कोणत्या दुखण्यावर कोणते औषध देत आहोत हे पाहावे, एवढ्यासाठी हे उदाहरण दिले. आजही जात, भाषा, रंग किंवा अंगातील एखादे व्यंग ह्यांवरून मुलाला सतावले जाते, तेव्हा पालकांनी क्षमा शिकविण्याच्या आधी शाळेत जावे. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील १७ वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. महाविद्यालयांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून देशभर लागू आहेत. हा योगायोगच म्हणावयाचा, पण दोन्ही ठिकाणी आकडा १७ आहे. लक्षात ठेवण्यास सोपे पडेल.

पत्रलेखकांकडे वळतो. महाशय, आपण त्या निरोपाला उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन आपणांवर नाही. द्यावेसे वाटले तर घाईने 'मीही तुझी आठवण काढतो' असे लिहू नका. ते खरे नाही, आणि ते लिहिल्याबद्दल आपण पुढे स्वतःवरच चिडाल. आधी एक पत्र असे लिहा की जे पाठवावयाचे नाही. त्यात धूळ, नळ, ते नाव, सगळे येऊ द्या. काही दिवस ते तसेच ठेवा. नंतर जर पाठवावेसे वाटले तर दोन-तीन वाक्ये पुरतात: शाळेतली ती तीन वर्षे मला फार कठीण गेली, त्याला तू कारण होतास, हे तुला आठवत नसेल पण मला आठवते. दोषारोपाची यादी नको. घडले ते सांगावे आणि थांबावे. समोरचा काय उत्तर देतो ह्यावरून मैत्रीचे ठरेल. तो हसण्यावारी नेईल तर आपण तेथेच थांबण्यास मोकळे आहात, आणि तसे थांबल्यानेही पान बंद होऊ शकते. मेळाव्यात चार जणांसमोर, जेवणाच्या पंगतीत, हा विषय काढू नये. तेथे पुन्हा एकदा वर्ग भरलेला असतो, आणि वर्ग पुन्हा हसण्याचा संभव असतो.

पत्नीस माझा नमस्कार सांगा. त्यांनी 'सोडून द्या' म्हटले ते प्रेमानेच म्हटले. परंतु नळाची हकीकत आपण त्यांना पूर्ण सांगितली होती काय, ह्याविषयी पत्रात मला काही दिसले नाही.

ह्या मजकुराच्या वाचकांत तो दांडगा मुलगाही कोठेतरी असणार. कदाचित तो आज शिक्षक असेल, कदाचित कोणाची प्रेमळ आजी असेल; मुली ह्या बाबतीत मागे असतात असे कोणी समजू नये, त्यांच्यात मान दाबण्याऐवजी अबोला आणि कुजबुज असते एवढेच. आपणांस अंधूक का होईना काही आठवत असेल, तर पुढे होऊन बोलावे. 'तुला वाईट वाटले असेल तर क्षमस्व' हे वाक्य मात्र टाळावे. वाईट वाटले असेल तर म्हणजे काय? ते वाटलेच होते. काय केले त्याचा उच्चार करावा: 'मी तुझ्या डब्यात धूळ टाकीत असे.' आपल्या घरची परिस्थिती तेव्हा कशी होती, वडील कसे मारीत, हे खरे असले तरी त्याच दमात सांगू नये. ते समोरच्याने विचारले तर सांगावे. आणि लगेच माफीचे उत्तर मागू नये. चाळीस वर्षे ज्याने वाट पाहिली त्याने आणखी चार महिने विचार केला तर आपले काही बिघडत नाही.

दांडगा एक असतो, सोसणारा एक असतो. उरलेले चाळीस जण काय करीत होते? आपल्यापैकी बहुतेकजण ह्या तिसऱ्या वर्गातले. ते हसले, किंवा हसले नाहीत पण पाहत राहिले, किंवा आपली पाळी येऊ नये म्हणून पुस्तकात डोके घालून बसले. त्यांच्याविरुद्ध कोणाच्या मनात अढी नसते, कारण त्यांची नावेही ध्यानात राहत नाहीत. तथापि सोसणाऱ्याला वर्षानुवर्षे पडणारा एक प्रश्न फक्त हेच लोक सोडवू शकतात. तो प्रश्न असा, की हे सगळे खरोखर घडले होते, की मीच मनात मोठे करून ठेवले आहे? दांडग्याला आठवत नाही, गुरुजी आज हयात नसतील, घरच्यांना कधी कळलेच नाही. साक्ष उरते ती शेजारच्या बाकावरच्याची.

तेव्हा आपल्या जुन्या वर्गाच्या यादीत असा एखादा न बोलणारा सोबती असेल, आणि त्याचे काय होत असे हे आपणांस आठवत असेल, तर त्याला दोन ओळी लिहा. साऱ्या गटासमोर नव्हे, त्या एकट्याला. 'नळाशी तुला धरीत तेव्हा मी मागे उभा होतो. मी पाहत होतो, आणि काही बोललो नाही.' उत्तर यावयास वेळ लागेल. कदाचित येणारही नाही. पत्रात आपला पत्ता मात्र लिहून ठेवा.